वहिनी म्हणाल्या, "काही आणू नका"

*ताई, माझ्या थोरल्या भावानं कोल्हापुरातलं दुधाळीजवळचं जुनं घर सोडून कळंब्याच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे. आई त्यांच्याकडंच असते. वहिनींनी सगळ्यांना फोनवर सांगितलं, "जेवायला नक्की या, पण काही आणू नका, घरात जागा नाही." आईला हे अजिबात पटलेलं नाही. एकुलती एक नणंद रिकाम्या हातानं आली तर चार लोकांत काय दिसेल, म्हणते. मी महाद्वार रोडला जाऊन एक डिनर सेट बघून आले, एक मोठं भिंतीवरचं घड्याळही आवडलं, पण पाय मागं येतोय. पुरानंतर वहिनी जरा कोरड्याच झाल्यात, आधी अशा नव्हत्या. त्यांना आवडेल आणि घरात पसाराही होणार नाही असं काय देऊ? संक्रांतीला माझ्याकडं हळदीकुंकू असतं, त्या वाणाचंही सुचवा. आणि माझ्या माळ्यावर न वापरलेल्या भेटवस्तू पडून आहेत, त्यातलं काही दिलं तर चालेल का?*

*– राजारामपुरीची एक नणंद*

आधी डिनर सेट आणि घड्याळ दोन्ही मनातून काढून टाका. तुमचा पाय मागं येतोय तो बरोबरच येतोय.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: पुरानंतर वहिनी कोरड्या झाल्या. दुधाळीच्या बाजूला संसार करणाऱ्या बाईनं २०१९ आणि २०२१ हे दोन पावसाळे कसे काढले असतील, ते जरा आठवून बघा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका. त्या दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्या पुष्कळ वर गेलं. पाणी चढत असताना घरातली बाई आधी माणसं बाहेर काढते. मग कागदपत्रं, दागिने, सिलिंडर, धान्याचे डबे, पोरांची दप्तरं. आणि हातात उरलेला वेळ जातो तो कधीही न वापरलेल्या वस्तू माळ्यावर चढवण्यात, कारण त्या कुणीतरी प्रेमानं दिलेल्या असतात आणि पाण्यात सोडवत नाहीत. पूर ओसरल्यावर त्या भागातल्या गल्ल्यांमध्ये दारोदार चिखलानं भरलेल्या सामानाचे ढीग लागले होते. भिजून जड झालेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, आणि त्यातच खोकंही न फोडलेले लेमन सेट, फ्रेमा, फुलदाण्या. धुवायचं काय आणि टाकायचं काय हे ठरवण्याचंसुद्धा त्राण बायकांच्या अंगात राहिलं नव्हतं.

हे सगळं दोनदा केलेली बाई "काही आणू नका" म्हणते, तेव्हा ती मनापासून सांगत असते. त्याला कोरडेपणा म्हणू नका. नव्या घरात येणारी प्रत्येक वस्तू आपण ठरवून आणलेली असावी, एवढीच त्यांची इच्छा दिसते. ती पाळणं हीच तुमच्याकडून त्यांना पहिली भेट.

आहेराची वस्तू आपण बहुतेक वेळा जिला द्यायची तिच्यासाठी घेतच नाही. हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांसाठी घेतो. म्हणून ती मोठ्या खोक्यात असते, चकचकीत कागदात असते आणि दारातून आत येताना सगळ्यांना दिसते. पाहुणे जेवून संध्याकाळी निघून जातात, खोकं राहतं. दुकानात उभ्या असतानाच मनाशी विचारा, ही वस्तू ठेवायची कुठं आणि रोज पुसायची कुणी? उत्तर "वहिनींनी" असं आलं की हात मागं घ्या.

आता आईंचं. त्यांचंही चूक नाही. लेकीनं भावाच्या घरभरणीला भरल्या हातानं जावं, हे त्यांच्या मनातून तुम्ही वादानं काढू शकणार नाही आणि काढूही नका. आपल्याकडं ओटी आहे की. ताटात तांदूळ, नारळ, हळदकुंकू, सुपारी, पाच फळं, गुळाची ढेप आणि गजरा घेऊन जा. पूजा आटोपली की दादा-वहिनींना पाटावर बसवा, सगळ्यांसमोर औक्षण करा, वहिनींची ओटी भरा. आईंना चार लोकांत जे दिसायला हवंय ते यात पुरेपूर दिसतं, आणि आठवड्याभरात नारळ, तांदूळ, फळं घरातच संपून जातात.

फक्त खण नेहमीसारखा घेऊ नका. आपल्या प्रत्येकीच्या कपाटात ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांचा गठ्ठा असतो. तो या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतो, शिवत कुणीच नाही. खण द्यायचाच असेल तर वहिनी बाहेर जाताना जी साडी नेहमी नेसतात, तिला शोभेल असा घ्या आणि त्यांच्या शिंप्याकडं शिलाईचे पैसे भरून ठेवा. तो खण नक्की अंगावर जाईल. एवढी खटपट जमणार नसेल तर खण वगळा, कुणी मोजत नाही.

ओटीसोबत पाकीट द्या, वर रुपयाचं नाणं लावून, रीतसर. पाकिटाला कमी समजण्याची आपल्याला उगाच सवय लागलीय. नव्या फ्लॅटमध्ये सुरुवातीचे काही महिने सुतार, वायरमन, नळवाला, सोसायटी यांच्याकडं पैसे जातच राहतात. तुम्ही डिनर सेटला जेवढे घालणार होता तेवढे पाकिटात घाला, त्यांचं एखादं अडलेलं काम होईल.

आणखी एक, हे आजच फोनवर सांगा: "वहिनी, मला परतीची साडी घेऊ नका." तुम्ही काही नेलं नाही तरी नणंदेचा मान म्हणून त्यांना तुमच्यासाठी दुकानं पालथी घालावी लागणारच. त्या ओझ्यातून त्यांना मोकळं करणंही तुमच्याच हातात आहे. आधी नको नको म्हणतील. तुम्ही नेट धरा.

गुळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण कोल्हापुरात राहून आपण तो भेट म्हणून विसरून गेलोय. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की ढेप बांधून देतो, घरच्या माणसाला मात्र द्यायला लाजतो. सध्या गुऱ्हाळं सुरू आहेत, म्हणजे ताजा गूळ मिळण्याचे हेच दिवस. ओळखीचं गुऱ्हाळ असेल तर तिथूनच घ्या. पिवळाधमक रंग बघून भुलू नका. रस उकळताना हायड्रॉस नावाचं रसायन टाकलं की गूळ असा उजळतो. भेंडीच्या चिकानं मळी काढलेला, जरा तांबूस, गडद दिसणारा गूळ मागा. आणि अख्खा दहा किलोचा रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, नेऊ नका. फ्लॅटमध्ये तो ठेवायचा कुठं, हा प्रश्न उभा राहतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत गूळ पाझरायला लागतो. किलो किलोच्या दोन ढेपा पुष्कळ झाल्या. त्यांच्याकडं भाताचे शौकीन असतील तर सोबत दोन किलो आजरा घनसाळ तांदूळ द्या. भात शिजताना त्याचा वास घरभर जातो. हे सगळं साध्या कागदी पिशवीत न्यायचं. वेताची टोपली, जिलेटिनचा कागद, रिबिन असलं काहीही नको. गूळ संपतो, पण ती टोपली वर्षानुवर्षं फ्रिजवर बसून राहते.

पेढे-बर्फी मात्र त्या दिवशी नकोच. वास्तुशांतीच्या संध्याकाळी प्रत्येक घरात मिठाईचे इतके बॉक्स जमतात की दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी वाटत फिरावं लागतं.

खरी मदत लागते ती वास्तुशांत झाल्यावर आठवड्याभरानं. पाहुणे गेलेले असतात, अर्धं सामान गोणपाटात असतं, पोळपाट सापडतो तर लाटणं सापडत नाही. अशा एखाद्या दिवशी आदल्या रात्री फोन करून सांगा, "उद्या स्वयंपाक करू नका, मी घेऊन येते." भाकरी, पिठलं, खर्डा, दही, भात, एवढं पुरे. वार पाळत नसतील तर रविवारी मटण आणि तांबडा-पांढरा घेऊन जा, दादाही खूश होतील. स्वतः वाढा, सोबत जेवा, भांडी घासायला उभ्या राहा. आणि निघताना तुमचे डबे तुम्हीच धुऊन पिशवीत घालून घरी आणा. हे मी मुद्दाम लिहितेय. डबा तिथं राहिला की तो रिकामा परत कसा द्यायचा ही आपल्या बायकांची पिढीजात काळजी सुरू होते, मग त्यात घालायला वहिनींना काहीतरी करावं लागतं, आणि तोवर चार परके डबे ओट्यावर जागा अडवून बसतात.

चुलत भावंडं, मावश्या, आत्या मिळून तुम्ही पाच-सहा घरं असाल. प्रत्येक घराकडून एक खोकं येण्यापेक्षा सगळ्यांनी वर्गणी काढून एकच काम करून द्या. कळंब्याच्या बाजूला तलाव जवळ, म्हणजे संध्याकाळी डास येणारच. वहिनींना एवढंच विचारा, "खिडक्यांना जाळ्या लावून झाल्या का? नसतील तर त्या आमच्याकडून." जाळी खिडकीतच बसते, कपाटात जागा मागत नाही आणि रोज उपयोगी पडते. जाळ्या झालेल्या असतील तर त्यांनाच विचारा की घरात सध्या काय अडलंय. पाणी तापवण्याचं असेल, स्वयंपाकघरातल्या कप्प्यांचं असेल, बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांचं असेल. विचारून दिलं तर भेटीची गंमत जाते असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आश्चर्याचा आनंद क्षणभर टिकतो आणि चुकीची वस्तू घरात दहा वर्षं राहते.

आता जी भेट मला या सगळ्यांत मोठी वाटते ती सांगते. आई दादांकडं असतात. वहिनी वर्षानुवर्षं त्यांचं पथ्यपाणी, औषधं, उठबस बघतात. सामान लागलं की आईंना आठ-दहा दिवस राजारामपुरीला तुमच्याकडं घेऊन या. ओझं हलकं करायला नेतेय असं त्यांना चुकूनही वाटू देऊ नका. "माझ्याकडं राहून किती दिवस झाले, यायचंच" असा हक्कानं हट्ट धरा, कारण लेकीकडं राहण्याचा त्यांनाही आनंद आहेच. त्या दिवसांत दादा-वहिनी कदाचित एखाद्या सकाळी गाडी काढून खिद्रापूरला जातील. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात खांबांच्या मधोमध उभं राहून वरच्या गोल उघड्या छतातून आभाळ बघतील, वाटेत नृसिंहवाडीला संगमावर बसतील, बासुंदी खातील. किंवा कुठंही न जाता, कुणाची वेळ न सांभाळता, आपलं घर आपल्या मनासारखं लावत बसतील. त्यांचं त्यांना ठरवू द्या.

दुसरी भेट मार्चमधली, ती म्हणजे चटणी. वहिनी दरवर्षी वर्षभर पुरणारी चटणी, म्हणजे कांदा-लसूण घातलेलं मसाल्याचं तिखट, करत असतील, तर या वर्षी त्यांच्यापुढं एक अडचण येणार आहे आणि कदाचित अजून त्यांच्या लक्षातही आली नसेल. जुन्या घरात अंगण होतं. फ्लॅटमध्ये मिरच्या वाळवायच्या कुठं आणि भाजायच्या कुठं? मिरचीचा ठसका जिन्यात गेला की वरखालच्या मजल्यांवरची माणसं खोकत बाहेर येतात, आणि नव्या सोसायटीत पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार कुणाला हवीय? तुमच्याकडं गच्ची असेल तर ती द्या. रंगाला ब्याडगी किती, तिखटाला संकेश्वरी किती, धणे, तीळ, खोबरं किती, कांदा-लसूण किती, हे प्रमाण त्यांचंच राहू दे. तुमची तयार चटणी भरून देऊ नका. कोल्हापुरात प्रत्येक घराची चटणी वेगळी असते आणि दुसऱ्या घरची चटणी घातली की पहिल्याच घासाला घरातली माणसं ओळखतात. तुम्ही फक्त कष्ट वाटून घ्या. दोन दिवस गच्चीवर उन्हं द्या, दोघी मिळून देठ काढायला बसा, तुमच्याकडंच भाजा, डंकावर कांडून आणा. त्यांच्याच बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे खडे ठेवा. मिरच्यांचे आणि कांडपाचे पैसे तुम्ही भरलेत तर आणखी छान. देठ काढता काढता दोन दुपारी जे बोलणं होईल, त्यात पुराचंही निघेल. निघालं तर मध्ये न बोलता ऐकून घ्या. मला वाटतं, वहिनी "कोरड्या" का झाल्या ते तुम्हाला तिथंच कळेल.

वहिनींच्या जुन्या सुती साड्या असतील आणि त्या टाकवत नसतील, तर त्यांची वाकळ शिवून देता येते. पाच-सहा साड्या कपाटातून बाहेर पडतात आणि एक पांघरूण होतं. पण हे त्यांनी स्वतः साड्या काढून दिल्या तरच. कुणाच्या जुन्या कपड्यांना परस्पर हात लावू नये. बाल्कनीसाठी झाड न्यायचा विचार मनात आला असेल तर तोही विचारूनच. झाडानं पसारा होत नसला तरी रोजचं काम वाढतं. भाचा फुटबॉलवेडा असेल तर हंगामात त्याला शाहू स्टेडियमवर मॅचला घेऊन जा. आई किंवा दादा वाचणारे असतील तर करवीर नगर वाचन मंदिराची वर्षाची वर्गणी भरा. १८५० पासूनचं वाचनालय आहे, पुस्तकं घरात येतात आणि वाचून परत जातात.

संक्रांतीच्या वाणाचं उत्तर सोपं आहे. प्लास्टिकची टोपली, चाळणी, डबी, वाटी यांतलं काही नको. सुगडात आपण काय घालतो? ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. सगळं खायचं आणि शेतातलं. वाणही तसंच लुटा. जानेवारीत गूळ भरात असतो, पाव किलोच्या छोट्या ढेपा मिळतात. गूळ नको असेल तर भाजलेले तीळ, शेंगदाणे, कापूर, फुलवाती, एखादा चांगला साबण द्या. महिन्याभरात संपेल असं काहीही चालेल. तुमच्याकडं येणाऱ्या बायका तसल्याच हळदीकुंकवांना आणखी दहा घरी जाऊन येतात, त्यांच्या घरातल्या टोपल्यांचा विचार करा.

आणि तुमच्या माळ्यावरच्या वस्तू. वहिनींना त्यातलं काहीही देऊ नका. पुरात गेलेल्या सामानाच्या जागी दुसऱ्या कुणाचं नको झालेलं सामान, असं त्यांना वाटलं तर ते मनाला फार लागेल. पण त्या वस्तू माळ्यावर ठेवूही नका. शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी केली, दसरा चौकाच्या परिसरात बोर्डिंगं आजही दिसतात. ताटं, वाट्या, पातेली, चादरी, ब्लँकेटं कुठल्याही वसतिगृहाला लागतात. आधी फोन करून काय हवंय ते विचारा, तडा गेलेलं किंवा अर्धवट सेटचं बाजूला काढा आणि उरलेलं स्वच्छ धुऊन नेऊन द्या. शोभेच्या वस्तू कुणाच्याही गळ्यात मारू नका, ज्याला खरंच हव्यात त्याला उघडपणे "माझ्याकडं पडून आहे, हवंय का?" असं विचारून द्या.

परतीच्या साडीचा फोन आज करा. मिरच्यांचं जानेवारीत वहिनींशी बोलून ठेवा, मार्च उजाडला की डंकावर नंबर लागायला वेळ लागतो.